पॉलिश पेपर, दोन हजार नंबर

रबाळ्यात, नाल्यापलीकडे,
कंपनीच्या भिंतीला टेकून जिथे एक तुटकी खुर्ची असते,
तिथे हसुराम भोईरचं गॅरेज आहे.
पाटी नाही. खिळ्याला टांगलेली हेडलाइटची काच आहे,
जाड, गोल, ताटलीएवढी,
आतून उभ्या रेघा पाडलेली.
ओळखणारे तिच्यावरून ओळखतात.

माझी गाडी २०११ची. शिफ्टमधल्या डाबरेंकडून घेतली,
डाबरेंनी कुणाकडून, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.
पुढचा दिवा प्लास्टिकचा. पिवळा,
विडी ओढणाऱ्याच्या नखासारखा.
रात्री दोनला सुटते मी. खदानीचे डंपर
खडी सांडत पुढे जातात,
आणि माझा दिवा रस्त्यालाच विचारतो,
हा खड्डा आहे का?

हसुराम म्हणायचा,
"काच असती तं ही येल आली नसती, बाय.
काच फुटंल. पन पिवली नाय परनार."
आणि बादलीत पेपर भिजवायचा.
आठशे, मग बाराशे, मग दोन हजार.
घासता घासता दिवा आधी जास्तच आंधळा व्हायचा,
ताकाच्या पेल्यासारखा.
मग टूथपेस्ट, मग बनियनचा तुकडा,
आणि अचानक आतला बल्ब दिसायचा,
जणू इतके दिवस तोच बाहेर बघायची वाट पाहत होता.
सहा महिने. फार तर सात.
"वरचा थर गेला तो गेला.
आता जेवरा घासू तेवरा लवकर पिवला व्हनार."
तरी घासायचा.

खिळ्यावरच्या काचेला खाली डावीकडे तडा आहे.
डंपरचा दगड, दिघ्याच्या चढावर, शहाण्णव साली.
राजदूत विकली, काच ठेवली.
"फुटली तवा आवाज आला," तो सांगतो,
मुलाचा नंबर आल्यासारखं.
"पलास्टिक मरतं तवा कलत बी नाय."

मी लॅबमध्ये असते. ऊन पॉलिकार्बोनेटचं काय करतं,
कोणता बंध आधी सुटतो, मला माहीत आहे.
काच जड असते, आणि फुटली की तिचे तुकडे
पडलेल्या माणसाच्या आधी रस्त्यावर पोचतात,
हेही सांगता आलं असतं.
सांगितलं नाही.
ओल्या पेपरचा आवाज वादापेक्षा बरा होता.

ऑक्टोबरात गॅरेज बंद. पंधरा दिवस, जास्तच.
मग एका मंगळवारी खुर्चीवर हसुराम,
काळा चष्मा, खिशात थेंबांची बाटली.
"कलव्याला केला. उजवा."
चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला,
एक डोळा झाकून, मग दुसरा,
समोरच्या गाडीला डिपर मारावा तसा.
"या डोल्यानं तुजा शर्ट पांढरा.
या डोल्यानं पिवला.
साठ वर्सं मना वाटला, ऊन पिवलाच असतं."

मी काही विचारलं नव्हतं.
"काच नाय बसवीत," तोच म्हणाला. "इचारला मी."
"मग काय बसवतात?"
त्यानं पान्याच्या टोकानं माझ्या दिव्यावर टकटक केलं.
बद्द आवाज आला.
"किती टिकंल, इचारला. डॉक्टरीन बोल्ली, जलमभर.
मी बोललू, कोनाच्या?"

त्याला महिनाभर वाकायची बंदी.
दोन हजार नंबर मी घासला.
तो खुर्चीवरून, हलका हात,
गोल नको, आडवा, पानी घे, पानी,
नखं कापत जा गं.

अंधार पडल्यावर किक मारायला लावली.
कंपनीच्या भिंतीवर उजेड पडला,
वरची कड जराशी वाकडी,
एका खिळ्याची, एका खुर्चीची सावली.
आधी त्यानं उजव्या डोळ्यानं बघितलं.
नंतर, बराच वेळ,
डाव्या.