पातळी बावीस

निपाणीत तंबाखूच्या वखारीवर
दस्तगीर सरांचा कॉम्प्युटर क्लास.
जिना चढतानाच शिंक यायची.
सर म्हणायचे, काय शिंकायचं ते बाहेर शिंका,
फ्लॉपीत धूळ जाते.
तरी जायचीच.

तिथं एक खेळ होता, नाव इंग्रजीत कायतरी,
आम्ही म्हणायचो नळ.
तुटक्या पायपा फिरवून जोडायच्या
पाणी यायच्या आत.
गल्लीत पाणी चौथ्या दिवशी,
आणि आम्ही शनिवारी साडेपाच ते साडेसहा
पडद्यावरचं सांडू नये म्हणून श्वास धरायचो.

बाविसाव्या पातळीला गत बदलायची.
डब्यातला स्पीकर एकाच गळ्याचा,
एका वेळी एकच सूर.
तीन हवे असले तर तिघांना असा पळवायचा
की कानाला वाटावं, हातात हात घालून निघालेत.
मी दादाचा टेप पिशवीतून नेला,
डब्याला टेकवला,
लाल बटण दाबलं.

घरी आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची.
कसलं गं हे, घंटी अडकल्यागत?
खरं बंद करू नको, म्हणायची.
पान, चिमूट, वळण, दुमड, दोरा,
तिचा हात कधी त्या चालीत गेला
मला कळलं नाही.
तिला तर नाहीच.

आता आम्ही चौघं
असल्या खेळांतले सूर गोळा करतो.
खानापूरचा पास्कोल, गोकाकचा इरण्णा,
चिकोडीच्या मगदूम बाई, मी.
फाइलीचं नाव कुठल्या लिपीत, यावर आठवडा गेला.
शेवटी ठरलं, नुसतं बावीस लिहू.
मग आकडा कुठला, यावर दोन दिवस.

सर गेले.
त्यांच्या फ्लॉप्या उघडल्या तर चकत्यांवर तपकिरी बुरशी,
आणि इतक्या वर्षांनी तोच वास.
चौघंही शिंकलो.
उरली माझी कॅसेट.
चौदाव्या सेकंदाला सरांची शिंक (स्वतः आत शिंकलेले!)
आणि पुढं एका जागी फीत चघळलेली,
नऊ सूर गायब.

शिंक काढू? पास्कोल म्हणाला, मिनिटाचं काम.
इरलि, इरण्णा म्हणाला.
असू दे.

नऊ सुरांचं मात्र काय करायचं?
मी घरी परत परत लावून बघत होते,
आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती.
ती खाचेची जागा आली, टेप खरखरला,
आणि ती न थांबता नाकातून गुणगुणत
पलीकडं गेली.
मोजले. नऊ.
विड्या सोडून तिला अकरा वर्षं झालीत.

पास्कोलनं ते सूर बसवले.
आम्ही गावजेवण घातल्यासारखे खूश.

दिवाळी झाली आणि गोकाकच्या भंगारात
इरण्णाला तीच फ्लॉपी सापडली, धडधाकट.
एकन् एक सूर जिथल्या तिथं.
ताडून बघितलं.
आईचे सात बरोबर.
सहावा खाली उतरतो, तो तिनं वर नेलेला.
नववा तिनं लांबवलेला,
दोऱ्याची गाठ मारायला लागतो
तेवढाच.

मगदूम बाई म्हणाल्या, अस्सल ते अस्सल, दुसरं काढा.
बरोबरच आहे त्यांचं.
आता दोन्ही ठेवलेत.
दुसऱ्याखाली बारीक अक्षरांत नोंद:
सहावा आणि नववा सूर, सुबद्रा परीट, विडी कामगार, निपाणी.
हे लिहायला मला लाज वाटली की अभिमान,
अजून ठरत नाही.

काल आईला अस्सल ऐकवलं.
सहाव्याला तिनं मान वर केली.
नवव्याला बोटं हवेत थांबली, दोरा नसलेली.
चुकलंय की हे, म्हणाली.
कुणीतरी घाई केलीया.

मी सांगणार होते,
तेवढ्यात मोरीत नळ खाकरला.
पाणी आलं.
दोघी कळशा घेऊन उठलो,
गाणं तसंच चालू राहिलं आत.