नववी ड

पाच वीसची बस.
रविवार, म्हणजे इथला सोमवार.
सोहारच्या गोलचौकात दिवे अजून जळतायत,
मासळीबाजाराकडे निघालेल्या पिकअपमागून
बर्फाचं पाणी रस्त्यावर रेघ ओढत चाललंय.
मी डबा मांडीवर घेऊन बसलेय
गुडघे जुळवून,
पर्सची चेन दोनदा तपासून.

अकरा वर्षं.
व्हिसावर एक ओळ होती, अरबीत आणि इंग्रजीत.
मराठीत तिचा अर्थ एवढाच,
की हिला नोकरी करायची परवानगी नाही.
इतक्यांदा वाचली ती ओळ
की पुढे पुढे वाटायला लागलं
खाली सही माझीच असावी.

मधल्या काळात काय केलंत, प्राचार्यांनी विचारलं.
घर, मी म्हणाले.
त्यांनी लिहिलं : गॅप.

वाळव्याच्या हायस्कुलात मी वर्गात शिरले
की बाकं खरडायची फरशीवर
आणि साठ गळ्यांमधून हेल काढत यायचं, नमस्ते बाऽऽई.
इथे एसीची घरघर.
तिच्यात बत्तीस मुलं,
आणि एकच शब्द, मिस.
मिस, मिस, पाणी प्यायला जाऊ?

हजेरी.
हाशिर. जिन्सी. अब्दुल मुहैमिन.
तेजोमयी… ही आपल्याकडची?
नाही, नेल्लूरची.
कयलविळी.
'मिस, ळ नाही. ऴ.'
पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं.
'जीभ अजून मागे, मिस.'
जन्मभर पोरांच्या तोंडात ळ बसवत आलेली मी बाई,
वाळव्यात नोकरी केलेली,
आणि ही साडेतेरा वर्षांची मुलगी
माझ्या जिभेला जागा दाखवतेय.
मुलं हसली.
वाईट नाही हसली.

मग फळा. म्हणजे पांढरा.
अ‍ॅल्युमिनियम अधिक ऑक्सिजन, मी लिहायला घेतलं
त्यांच्यासमोर,
ज्यांचे वडील स्मेल्टरच्या रात्रपाळीवरून
आत्ता घरी येऊन झोपले असतील.
हात जुन्या सवयीने भरभर चालला,
डोकं मागून येतच होतं.
बाण काढला, आकडे टाकले, वळले.

शेवटच्या बाकावरून कुणीतरी हळूच,
'मिस, ऑक्सिजन कमी पडतोय.'

बघितलं.
खरंच कमी पडत होता.

पूर्वी मी म्हटलं असतं, बस खाली.
आणि पाठ करून, घाईघाईने, जणू मीच मुद्दाम…
पोरांनाही ते कळायचं, मला वाटतं.
मार्कर पुढे केला.
ये, तूच पुरव.
तो आला, लांब बाह्यांचा, मिसरूड फुटू लागलेला, हाशिरच.
दोनाच्या जागी तीन केला,
मग चार, मग पलीकडे दोन,
ओठांत पुटपुटत, बोटांवर मोजत.
मार्कर मध्येच वाळला. झटकला. पुन्हा उमटला.

तास संपल्यावर मी पदराला हात पुसला.
पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

मधल्या सुट्टीत मैदानावर ड्यूटी.
दार उघडलं, आणि ऑगस्ट अंगावर आला
ओल्या घोंगडीसारखा.
चष्मा एका क्षणात पांढरा.
काहीच दिसेना.
दोन्ही बाजूंनी मुलं पळत होती,
मलयाळम, उर्दू, तमिळ, तेलुगू,
धक्का न लावता, वळसे घालून.
मी होते तिथेच उभी राहिले.
काच थंड, हवा दमट, एवढंच तर आहे,
नववीच्या मुलालाही सांगता येईल.
तरी पुसायची घाई केली नाही.

रात्री कुकर लावून
ओट्याशी उभी राहून जीभ मागे वळवत होते.
विळी. नाही. विऴी.
मोबाइलवर बघितलं, अर्थ आहे
मासोळीसारख्या डोळ्यांची.
'कुणाला हाक मारतेस?' आतून आवाज आला.
उद्याची हजेरी, मी म्हणाले.
शिट्टी झाली.
तिसरी की चौथी, मोजायची राहिली.