लांबट चेंडूचा हंगाम

नारखेडे सर अमेरिकेहून परतले ते शेतकी शिकून.
ज्वारीच्या काणीवरचा प्रबंध, एक फाउंटन पेन,
आणि पेटीच्या तळाशी, शर्टात गुंडाळलेला,
दोन्ही टोकांना चिमटलेला एक चेंडू.

सुपडूने तो हातात घेतला, नाकाशी नेला,
म्हणाला, "हाई चेंडू नही भो, भरीतनं वांगं शे."
सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडताना
पांझरेकाठच्या मैदानात
दर पाच वारांवर फक्कीची रेघ मारून
थंडीत एकटेच उभे होते.

त्या साली धुळ्यात कापूस उदंड.
नूरखाँ पिंजाऱ्याने अकरा बंड्या शिवल्या,
खांद्यांत दीड-दीड शेर रुई ठासून.
आम्ही रस्त्याने निघालो की वाटायचं,
जिनिंगच्या गाडीवरून गठ्ठेच उतरून चालू लागलेत.
डोक्याला मफलर दुहेरी, हनुवटीखाली गाठ.

नियम सर फळ्यावर लिहायचे.
चार झटक्यांत दहा वार. नाही जमलं, तर चेंडू त्यांचा.
लोटन सैंदाणे, आमच्यात सगळ्यांत दांडगा, विचारायचा,
"सर, ज्याच्याकडे चेंडू नाही त्यालाही पाडायचं?"
"त्यालाही अडवायचं."
"त्यानं काय केलंय?"
याचं उत्तर फळ्यावर नव्हतं.

मी राखीव. माझ्याकडे लिंबाच्या फोडी,
आयोडिनची बाटली आणि वही.

पहिला सामना भुसावळला, रेल्वेच्या पोरांशी.
चाळीसगावला गाडी बदलून पोचलो.
त्यांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता, म्हणून
बारापर्यंत सरांनीच त्यांना तो शिकवला,
आणि दोन वाजता ते आमच्याशी खेळले.
भुसावळ सव्वीस, आम्ही शून्य.
परतीच्या डब्यात बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग सर म्हणाले, "म्हणजे शिकवता येतं मला."

दुसरा अमळनेरला, कॉलेजशी म्हणे.
त्यांच्यातल्या एका मिशाळ गड्याला विचारलं, वर्ग कुठला?
म्हणाला, "स्पिनिंग."
हिलालचा दात तिथल्या मातीतच राहिला.
पण अगदी शेवटी झुलाल, वजन एकशे दोन पौंड,
चेंडू बंडीच्या आत कोंबून
माणसांच्या ढिगाखालून रांगत निघाला, उठला,
आणि चालत, पळत नव्हे, चालत,
शेवटची रेघ ओलांडून गेला.
बाकीचे ढिगात चेंडू शोधत होते.
चौदा-सहा. हरलोच. पण तो सहाचा आकडा
मी वहीत दोनदा गिरवलाय.

तिसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी
चेंडू बाभळीच्या काट्यावर पडला.
फार आवाज झाला नाही.
सायकलवर घालून मी तो पुंजूबाबाकडे नेला,
आग्रा रोडला, जोडे शिवायचे ते.
कंदील लावून त्यांनी टाके उसवले,
ट्यूबचं ठिगळ लावलं, कातडं भिजवलं,
ताणलं, ठोकलं, नवा दोरा ओवला.
सकाळी गेलो तर तोंडभर हसत पुढे केला,
"कोनी तरी चेपी टाकेल व्हता. नीट करी दिधा."

गोल. कुठूनही बघा, गोल.
पैसे घेईनात.

चोपड्याची पोरं लॉरीतून उतरून
दंड-बैठका काढत होती.
सरांनी चेंडू हातात घेऊन खूप वेळ फिरवला,
टोक शोधत असावेत.
मग सगळ्या रेघा तशाच ठेवून
तो मैदानाच्या मधोमध ठेवला
आणि म्हणाले, "पायानं."

वहीत 'सामना तिसरा' लिहून मी पुढे काही भरलं नाही.
आमच्या खांद्यांवर अजून रुई होती, पळताना ती फार उकडली.
आणि पहिल्याच मिनिटाला लोटनने
चेंडूपासून लांब, नुसत्याच उभ्या असलेल्या एका पोराला
आडवं केलं,
जीभ चावली,
आणि हात देऊन उठवलं.