इतर : चाळीस रुपये

मार्चअखेर. पुढं हलगीवाला, मागं मी,
बगलेत मागणीची वही, वहीत कार्बनचा कागद.
उदगीरच्या चौबाऱ्यातून वळलं
की निलावती बिरादारांच्या गिरणीचा पट्टा ऐकू येतो.

हलगी वाजली की थकबाकीदार लाजतो,
असा आमच्या साहेबांचा अनुभव.
बाई लाजल्या नाहीत. गिरणीही थांबवली नाही.
ज्वारीचा डबा उतरवून ठेवला,
पिठाच्या हातानंच बिल घेतलं
आणि दळणाला आलेल्या बायकांपुढं मोठ्यानं वाचलं:

घरपट्टी. शिक्षण कर. रोजगार हमी.
अग्निशमन. वृक्ष.
इथं थांबून दारातल्या लिंबाकडं एकदा बघितलं.
आणि तळाला, कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात,
इतर : चाळीस रुपये.

"हे कशापायी मागायलाव?
कोणत्या कायद्यानं?"

सत्तावीस वर्षं वसुली केली.
नळाला पाणी न्हाई, ऐकलं.
मालक लातूरला गेलेत, ऐकलं.
माझ्या अंगावर कुत्रं सोडलं गेलं.
हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

रात्री मुलीचं परीक्षेचं पुस्तक उघडलं.
नागरिकानं कर भरावा, असं वाक्य शोधत होतो.
कलम दोनशे पासष्ट. एवढीशी ओळ.
कायद्यानं अधिकार दिल्याशिवाय
कर बसवायचा नाही, घ्यायचा नाही.
दोनदा वाचलं.
वाक्याचं तोंड माझ्याकडं होतं.

दुसऱ्या दिवशी हलगी नेली नाही.
बाईंनी बिस्किटाचा डबा काढला,
त्यात आजेसासऱ्यांची पावती, उर्दूतली,
घडीवर फाटलेली.
आमच्या शिपायानं, ख्वाजामियाँनं, चष्मा पुसून वाचली:
"सहा रुपये, हाली. कशाचे, ते लिहिलं नाही.
फक्त, हुकमावरून."

"हुकूम त्यांनी ऐकला," बाई म्हणाल्या,
"मी तर बोटाला शाई लावून आले."

मग चाळणी झटकत, माझ्याकडं न बघता:
"दळताना चिमूटभर पीठ जात्यात राहतं.
त्याला घट म्हणतेत. बायका तेवढी सोडतेत,
कुणी कुरकूर करत न्हाई.
पण झाकणाआडून मी मूठ मारली,
तर तिलाबी घटच म्हणायचं का?"

नोटा मोजल्या. घड्यांमध्ये पीठ.
"हे द्यायचंच हाय. सभेत ठरलं,
यादी भिंतीवर लागली, हरकतीला मुदत दिली,
मी हरकत घेतली न्हाई. म्हणून हे तुमचं.
ते चाळीस मातर कुठं ठरलं, कागद दाखवा."

मी कागद शोधला.
तीन कपाटं, सभेची इतिवृत्तं, एका गठ्ठ्याला वाळवी.
हलगीवाल्याच्या रोजाचा ठराव सापडला,
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते.
चाळीस रुपयांचा नाही.
पावतीच्या पाठीवर चाळीसला घरांच्या आकड्यानं गुणलं,
उत्तर आलं तसं पेन्सिलीनं गिरवून टाकलं.
साहेब म्हणाले, असतं काहीतरी, पूर्वापार.

बाईंच्या नावापुढं थकबाकी राहिली.
संगणक दर महिन्याला दोन टक्के चढवत गेला.
मी खोडणार होतो.
खोडायलाही ठरावच लागतो.

निवृत्त होऊन आता दुसरा मार्च.
माझ्या स्वतःच्या घराचं बिल घेऊन
खिडकीपुढं रांगेत उभा आहे.
इतकी वर्षं पगारातून आपसूक कापलं गेलं,
तळापर्यंत कधी वाचलंच नव्हतं.
आत नवा पोरगा, नवं प्रिंटर,
आकडा आता साठ.

चष्मा वर केला. मागं रांग चुळबुळली.
"हे," मी म्हणालो, "कशापायी मागायलाव?"

पोरानं मान वर केली.
कुणीतरी हलगी वाजवावी
तसा चेहरा.