हाताची मागची बाजू

उत्पला उमरेडहून रविवारी येणार, पोरीला घेऊन.
आज बुधवार. पारा पंचेचाळीसवर.
दुकानाचं शटर अर्धं ओढून मी घरी आलो
आणि बैठकीत गुडघ्यांवर रांगत सुटलो.

आई म्हणाली, काय हरवलं बाप्पा?

काही नाही. बघतोय, इथून घर कसं दिसतं.

अडीच महिन्याची हाय ते.
रांगाले दिवाळी लागन.

इथून घर म्हणजे नुसते प्लग.
नुसत्या कडा. दिवाणाखाली वर आलेला खिळा,
बुद्धाच्या तसबिरीपुढच्या निळ्या बल्बची उघडी जोडणी,
गव्हाच्या कोठीचं धार लागलेलं झाकण,
फिनाइल, कोल्ड्रिंकच्या बाटलीत.
आणि खिडकीशी, बरोबर एका रांगत्या हाताच्या उंचीवर,
कूलर.

लोखंडी. बाबांच्या पहिल्या बोनसचा.
तीनदा रंगवलेला, खालून गंजलेला.
'थोडी चुणचुण देते, चप्पल घालून हात लावा'
हे आमच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या आधी मिळतं.
वीस उन्हाळे आम्ही हे वाक्य बोललो
आणि गार झोपलो.

मी वायरमन आहे.
जरीपटक्यापासून नारीपर्यंत घरोघरी ओरडतो,
अर्थिंग द्या, पाणी भरताना प्लग काढा, लेकरं हायेत घरात.
मग इंदोऱ्यात परत येतो
आणि चप्पल शोधतो.

गुरुवारी न्हाणीमागे खड्डा खणला.
वर भेगाळलेली काळी माती, हात घातला तर कोपर जाईल अशी.
दोन फुटांवर मुरूम.
त्याच्यापुढे पहार बोलायला लागली.
मग पाइप, त्याभोवती कोळशाचा थर, मिठाचा थर,
पुन्हा कोळसा.

गजभिये काकू भिंतीवरून:
एवढं मीठ? पोट्टीची दृष्ट काढतं का रे?
नाही काकू, करंट काढतो.

हिरवी वायर आत घ्यायची तर आईचा जुना माचा सरकवावा लागला.
एका पायावर, वीतभर वर,
लाकूड गुळगुळीत झिजलेलं, बांगडी घातल्यासारखं.
मी विचारलं.

तुले बांधो मी तिथं.

भाजी निवडताना सांगावं तसं सांगितलं.
बिड्या वळो ना. इकडं कैची, इकडं तंबाखूचं सूप,
मांगं चूल पेटलेली.
लुगड्याची पट्टी, तीन हात. कमरेले तुह्या.
तीन हाताच्या भाईर सारं काढून ठेवो.
हजार झाल्या का सोडो.
लय रडला तं आठशेतच.

मी पक्कड धरून तसाच बसलो.
दोनशे बिड्यांचे तेव्हा किती पैसे व्हायचे,
हे विचारायचं राहून गेलं.
वायर मोजली, कापली, नट आवळला.
सैल सुटलेल्या करंटाला जमिनीशी बांधून ठेवणं,
यापलीकडे अर्थिंग म्हणजे काय असतं?

शनिवारी आईनंच पाणी टाकलं खड्ड्यात.
उन्हाळ्यात रोज बादलीभर लागतं, मी सांगितलं होतं.
कूलर लावला. चप्पल काढली.
ओल्या फरशीवर उभा राहून
हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवली.
मागचीच, कारण तळवा टेकवला आणि करंट असला
तर बोटं मिटतात, सुटत नाहीत.
उस्तादानं पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं,
बाकी सगळं नंतर.

काही नाही.
टेस्टर लावला. काही नाही.
पुन्हा हात. पत्रा नुसता गार होता,
वीस वर्षांत पहिल्यांदा नुसता गार.

रविवारी साडेअकराला ऑटो थांबला.
ओल्या पंचाखाली झाकलेलं तोंड,
उन्हानं लाल, झोपलेलं.
मी हात पुढे केला, आणि कसा कोण जाणे,
उलटाच टेकला तो तिच्या गालाला.

उत्पला हसली:
पोरगी हाय जी, कूलर नाही.

सवय आहे, मी म्हटलं.
पण चुणचुण आली,
कोपरापर्यंत.