थुंकीचा अहवाल

रेकॉर्ड खात्यात एकोणीस वर्षं
फायलींवरची काळी बुरशी फडक्यानं पुसली.
आता माझ्या थुंकीत तीच निघाली,
लॅटिन नावानं, छापील.

डॉक्टर भाविनीबेन म्हणाल्या,
"सापडली म्हणजे लागण झाली असं नाही, काका.
नुसती राहतेय. मांसात शिरलेली नाही.
गोळ्या राहू देत. आधी भिंतीची ओल काढा."

राहतेय म्हणजे?
भाडं न देता, माझ्याच श्वासावर?

सयाजीगंजहून परतताना पुलावर थांबलो.
विश्वामित्रीच्या गाळात मगर पडली होती,
जबडा उघडा, डोळे मिटलेले.
शेंगवाला पुड्या बांधत होता,
पोरं दात मोजत होती.
पुराच्या साली अशीच एक आमच्या गल्लीत शिरली,
पिठाच्या गिरणीच्या ओट्याला पाठ घासून
निघून गेली.
मगरीनं गाव घेतलं, असं कुणी म्हटलं नाही.
ओट्यावरून पाय खाली सोडून मात्र
महिनाभर कुणी बसलं नाही.

घरी मालिनीनं विचारलं, काय निघालं?
म्हटलं, बिऱ्हाड.

ती बोलली नाही काही.
कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

रात्री खोकला आला. मोजला.
कालच्याइतकाच.