हद्दीवरचं झाड

आधी खुंट चार दिवस सावलीत पडू दे, नोएमी.
ओलाच लावलास तर कुजेल.
कापलेलं तोंड सुकून चामड्यासारखं झालं
की मग वीतभर खोल, माती ठोकून.
वरचं टोक कुठलं तेवढं बघ.
उलटा लावलेलाही जगतो म्हणतात,
पण त्याची परीक्षा आपण का घ्यायची?

कुठल्या झाडाचे, ते विचारलं नाहीस.
त्या रांगेतले. हो, तुझ्या-माझ्या मधल्या.

लिसांद्रो, तुझा आजोबा, दर मक्याच्या पेरणीला
दोन बोटं सरकायचा आमच्या परसात.
दोनच बोटं. पण दहा वर्षांच्या दोन बोटांत
कोंबड्यांचं खुराडं मावतं.
तेव्हा चेमाने एका रात्रीत बावीस खुंट ठोकले
आणि सकाळी दारात कॉफी पीत बसला,
जसे काही ते आपसूक उगवले.

तुझ्या आजोबाने कोयता चालवला.
इसोतेला छाटणं म्हणजे आवतण देणं.
एका डोक्याची तीन झाली.
त्याने पुन्हा छाटली. शेवटी तो दमला.

फुलं मात्र तुमच्या बाजूला झुकायची.
ऊन तिकडचं, आम्ही काय करणार?
सोललेल्या लसणीसारखे पांढरे झुबके.
तुझी आजी अंड्यात परतायची,
वास आमच्या चुलीपर्यंत.
चेमा म्हणायचा, बघ, आमचं झाड खातायत.
मी म्हणायचे, झाड नाही, फूल. जेव आता.

मग ती वर्षं.
तुम्हाला शाळेत शिकवतात म्हणे.
आम्ही डोंगर ओलांडून होंडुरासला, तंबूत.
तुम्ही कुठे गेलात, कळलं नाही.

परतले तेव्हा चेमा नव्हता.
गवत कमरेच्या वर.
कौलं नाहीत, भिंत नाही, आंबाही कुणी तोडून जाळलेला.
सोबतची बाई विचारते, घर कुठे होतं तुझं?
मला सांगता येईना.
तेवढ्यात ती रांग दिसली,
वाकडीतिकडी, बुडाशी काळी पडलेली,
डोक्यावर पांढरी.
मोजली. एकोणीस उरली होती.
तिसऱ्या झाडापासून डावीकडे आठ पावलं.
पायाने गवत सारलं :
चुलीचे तीन दगड.

मग उजवीकडेही मोजली, तुमची.
कुणी विचारलं नव्हतं.
पण कुणी आलंच, तर सांगायला असावं.

तू आलीस त्या दिवशी मी बोट दाखवलं, इथे तुमचा उंबरठा.
तू म्हणालीस, इतकं नेमकं कसं माहीत?
भांडणाऱ्याला ठाऊक असतं गं
शेजाऱ्याचं वीतन् वीत.

तर हे सहा खुंट.
कुठे लावायचे ते तुझं तू ठरव.
विहिरीच्या कडेला नको, बुंधा फुगतो, चिरे सरकवतो.
पोरं खेळतात तिथे नको, पातं डोळ्यात जाईल.
पाणी बेताचं, लाड अजिबात नको.
फुलायला वर्षं लागतील, रोज जाऊन बघू नकोस.
फुलला की पाकळ्या तेवढ्या घ्यायच्या,
आतला दांडा काढून टाकायचा, तो कडू.

तुझी आजी तो काढत नसे.
एकदा तिने ताटली पाठवली होती,
दोन खोडांच्या मधून, वर फडकं झाकून.
चेमाला मी सांगितलं नाही.

कडू होतं.
सगळं खाल्लं मी.